गिरणीतली बीअर आणि आम्ही तिघं चाखणारे

भात भरडलं की कोंडा साठतो, तसे आमच्या गिरणीत किस्से साठलेत. कोंडा निदान कोंबड्यावाले घेऊन जायचे. किस्से कोण नेणार? मग येईल त्याला मीच सांगत बसतो आणि लोक म्हणतात, म्हादूमामा बडबड्या आहे. बडबड्या नाही. तोंडानं फाटका आहे, एवढंच!

गिरणी माझी. खोपोली-कर्जत रस्त्याच्या कडेला. भाताची गिऱ्हाइकं आटली, मी कुलूप लावून मोकळा झालो. तर एक दिवस माझा भाचा संदेश आला. साजगावला केमिकलच्या कंपनीत चांगला चिकटलेला पोरगा. म्हणाला, "मामा, नोकरी सोडली. गिरणीत बीअर बनवतो."

मी म्हटलं, "डोकं दाखवून आलास का कुणाला?"

पण पोरानं परवान्यासाठी कचेरीत इतक्या खेपा मारल्या की तिथला शिपाई शेवटी त्याच्यासाठी चहा सांगायला लागला. टाक्या आल्या, पाइप आले, गिरणी दवाखान्यासारखी चकचकीत झाली.

संदेशची बायको प्रणाली. बोलायला गोड, शब्दाला पक्की. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, "शिमग्यापर्यंत बघा काय ते. कर्जतच्या मोठ्या रिसॉर्टवाल्यानं तुमची बीअर त्याच्या बारच्या नळाला लावली तर ठीक. नाय लावली, तर गपचूप कंपनीत परत. तिथले साहेब अजून घेतो म्हणतायत." आणि कंपनीचा युनिफॉर्म धुऊन, घडी घालून, कपाट उघडलं की समोरच दिसेल असा ठेवला.

आता बीअर चांगली झाली का वाईट, हे संदेशला सांगणार कोण? मुंबईचे मित्र फुकटात पिऊन "मस्त, मस्त" करत होते. म्हणून त्यानं आम्हाला बसवलं. दर रविवारी दुपारी आम्ही तिघं: मी, कंपनीतून रिटायर झालेला काशिनाथ आणि कशेळ्याच्या रस्त्याला जीप चालवणारा बाळाराम. आम्ही चाखायचं, तोंडाला येईल ते बोलायचं, संदेश ते मोबाईलवर टाकायचा. त्याला रिव्ह्यू म्हणतात. आम्ही जन्मभर फुकट करत आलो तेच!

*

पहिल्या रविवारी संदेशनं आमच्यासमोर ग्लास ठेवले. बोटभर उंचीचे. तळाला थोडीशी बीअर.

काशिनाथ म्हणाला, "खोकल्याचं औषध दिलंस का रं?"

"काका, चाखायला एवढीच घेतात. आधी उजेडात रंग बघायचा. मग वास घ्यायचा. मग छोटा घोट, तोंडात फिरवायचा. घाई करायची नाय."

मी म्हटलं, "आरं, पोरगी बघायला आलोय का प्यायला आलोय?"

तरी बघितली. काळीकुट्ट होती. संदेश म्हणाला, हिच्यात जव जास्त भाजून घातलाय. मी घोट घेतला, फिरवला, गिळला.

"बोला मामा. काय आठवलं?"

"दूध करपल्यावर टोप खरवडतात, ते आठवलं."

पोराचं तोंड उतरलं. पण मोबाईलवर खरं तेच टाकायचं ठरलेलं, म्हणून त्यानं बिचाऱ्यानं टाकलं. पुढच्या शनिवारी फार्महाऊसवाल्यांची मोटार दारात. आतून एक बाई उतरल्या नि म्हणाल्या, "ती करपलेल्या टोपाची आहे का? सगळी द्या!"

त्या दिवसापासून लोकांच्या जिभेवरचा माझा विश्वास उडाला.

*

बाळाराम माळकरी आहे. थेंब घेत नाही. मग तो चाखणाऱ्यांत कसा? तर तो नुसता वास घेतो. मी म्हटलं, "बाळ्या, गळ्यात माळ हाय ना?" तर म्हणतो, "माळ गळ्यात हाय, नाकात नाय!"

आणि वास असा घ्यायचा की ग्लासात नाक बुडायचं बाकी राहायचं. डोळे मिटून, मान हलवून, एकेका ग्लासावर ध्यान लावून बसायचा.

एका रविवारी इथून उठून तो तडक कशेळ्याच्या फेरीला गेला. पाशिंजरांना वास आला. बातमी जीपच्या आधी घरी पोचली! त्याची बायको शांताबाई अंगणात उभीच. "तोंड उघडा." त्यानं उघडलं. तोंडाला वास नाही. "सदरा दाखवा." सदऱ्याला नाही. मग तिनं जवळ येऊन नीट हुंगलं, तर सगळा वास मिशीला. झुपकेदार मिशी, वास घेता घेता फेसात बुडायची.

बाळाराम म्हणाला, "अगं मी नाय घेतली. मिशीनं घेतली असंल."

शांताबाई म्हणाली, "मग पिणारी आपल्या घरात नको!"

पुढच्या रविवारी बाळाराम आला तो सफाचट. पण खरी पंचाईत जीपमध्ये झाली. हप्ताभर जो चढेल तो हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारायचा, "बाळारामदादा, घरात कोण गेलं?"

*

मुंबईहून एक मोठा रिव्ह्यूवाला यायचा होता. मोबाईलवर बीअरबद्दल बोलतो नि लोक ऐकतात म्हणे. संदेशनं आदल्या दिवशी आम्हाला बजावलं, "कुणी काही खाऊन यायचं नाय. तंबाखू नाय, अत्तर नाय. वासाची गडबड होते."

काशिनाथला चकण्याशिवाय घोट उतरत नाही. तो आला आणि पाहुण्याच्या शेजारी शहाण्यासारखा बसला. सदऱ्याच्या खिशात कागदाची पुडी, पुडीत गरमागरम भाजलेली सुकट!

पाहुण्यानं ग्लास नाकाला लावला. एकदा, दोनदा. डोळे विस्फारले. मोबाईलसमोर म्हणतो, "काय सांगू! हिच्यात समुद्राचा वारा आहे. किनाऱ्यावर धूर निघतोय. कोळीवाड्यातली संध्याकाळ आहे!"

संदेश बघत राहिला. त्यानं घातला होता तांदूळ.

आठवड्यानं पनवेलची पोरं आली. "ती समुद्रवाली द्या." संदेशनं दिली. त्यांनी हुंगली, चाखली, एकमेकांकडं बघितलं. "नाही हो, ही ती नाही." दुसरी बाटली फोडली. "ही पण नाही." संदेशला घाम.

मला सगळं उमगलं होतं. मी म्हटलं, "काश्या, खिशात हाय का?"

"हाय."

"मग जा त्यांच्यामधी बस."

काशिनाथ जाऊन बसला. एक पोरगा ओरडला, "आत्ता आली!"

*

बीअर काढून झाली की जवाचा चोथा उरतो. तो माझ्या म्हशीला. त्यात चढण्यासारखं काही नसतं, नुसता भुसा. पण म्हशीनं दूध वाढवलं आणि शिळफाट्याला माझ्याकडून दूध घेणाऱ्यांत बोलवा उठली, मामाच्या म्हशीला बीअर पाजतात!

एक गुरुजी आहेत तिथले. त्यांच्या बाईंनी दारातच हात जोडले, "मामा, उद्यापासून दूध नको. यांना दूध पिऊन झोप फार गोड लागते."

मी म्हटलं, "बाई, रिटायर माणसाला झोप गोडच लागते." ऐकेनात. दूध बंद.

दोन दिवस गेले. भर दुपारी गुरुजी स्वतः गिरणीच्या मागल्या दारानं हजर. छत्रीआड स्टीलचा डबा. इकडं तिकडं बघून म्हणाले, "मामा, त्याच म्हशीचं द्या. आणि घरी बोलू नका."

*

आमच्याकडं जुन्या माणसांची रीत आहे. पहिला घोट घ्यायच्या आधी ग्लासात बोट बुडवायचं आणि दोन थेंब जमिनीवर शिंपडायचे. जे गेले त्यांच्या नावानं. आधी त्यांना, मग आपल्याला.

पुण्याची एक टोळी आली होती. सगळे कॉम्प्युटरवाले, बीअरचा क्लब चालवतात. त्यांनी आम्हा म्हाताऱ्यांना शिंपडताना बघितलं. एकानं संदेशला हळूच विचारलं, "हे फेस बघायची पद्धत आहे का?" संदेश नळाशी गुंतलेला, त्यानं न ऐकता "हो हो" केलं.

महिन्यानं ते परत आले, आणखी मित्र घेऊन. सगळ्यांना अंगणात गोल उभं केलं. म्होरक्यानं सांगितलं, "बोट बुडवा. झटका मनगटातून द्या. थेंब कसा पडतो बघा." आणि सगळ्यांनी एकदम शिंपडलं!

मागं खाटेवर प्रणालीनं तांदळाचे पापड वाळत घातले होते. ती लाटणं घेऊनच बाहेर आली. "अवो, तुमच्या बापजाद्यांना पाजायचं तर तिकडं कुंपणापाशी पाजा की!"

कुणाला काही कळलं नाही. सगळे मुकाट कुंपणापाशी गेले आणि तिथं शिंपडत बसले.

ते पापड मी तळून खाल्ले. जन्मात पहिल्यांदा पाच स्टार दिले.

*

सगळंच हसण्यावारी नव्हतं. शिमगा जवळ येत चालला होता. रिसॉर्टवाल्याला काही वेगळं दाखवावं म्हणून संदेशनं जांभळाची बीअर केली. जांभळाचा गर गेल्या उन्हाळ्यातच काढून बर्फात ठेवला होता पोरानं. त्या रविवारी त्यानं स्वतः ग्लास पुसून पुढं ठेवले. प्रणाली दारात उभी.

काशिनाथनं घोट घेतला आणि छताकडं बघायला लागला. बाळारामनं वास घेतला आणि त्याला एकदम फेरीची आठवण झाली. उरलो मी.

"ओतून टाक," मी म्हटलं.

प्रणाली गिरणीमागं राहत्या खोलीत गेली. थोड्या वेळानं इस्त्रीचा वास आला. कपाटातला युनिफॉर्म तिनं बाहेर काढला होता.

संदेशनं अख्खी टाकी ओतली. माझ्याशी बोलणं बंद. मलाही रात्री जेवण गेलं नाही, पण म्हणून वाईटाला चांगलं म्हणू? चार दिवसांनी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "मामा, खरं सांगा. खरंच एवढी वाईट होती?"

"नाय रं," मी म्हटलं. "तू मनाला लावून घेशील म्हणून कमी सांगितलं."

आधी माझ्याकडं बघत राहिला, मग असा हसला की डोळ्याला पाणी आलं. दुसऱ्या दिवशी परत टाकीला लागला. जांभूळ नाही, करवंद नाही. आपल्याच खाचरातला तांदूळ आणि जव. बास.

*

आणि मग रिसॉर्टचा साहेब आला. गुळगुळीत दाढी, पांढरे बूट. बूट मळू नयेत म्हणून अंगणातून उड्या मारत आत आला. संदेशनं मला आधीच हात जोडले होते, "मामा, आज तोंड उघडू नका." मी कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसलो.

साहेबानं काळी घेतली. "जरा जड आहे." ग्लास रिकामा. दुसरी घेतली. "रंग फिका वाटतो." ग्लास रिकामा. मग नवी, तांदळाची. मोठा घोट घेतला. डोळे मिटले. अजून एक घेतला. मी बघत होतो, माणसाच्या मानेवरचं टेन्शन उतरलं होतं.

आणि म्हणतो काय, "ठीक आहे. पण आमच्या गेस्टना कडू लागेल. कसं आहे संदेश, तुमचं अजून घरगुती आहे. पुढच्या वर्षी बघू."

संदेशनं मान खाली घातली. "हो सर," म्हणाला. झालं. शिमग्याचं तिथंच ठरलं.

प्रणाली पोह्यांची बशी घेऊन आली होती. जिला नवरा कंपनीत परत हवा होता, ती प्रणाली. तिनं बशी ठेवली. साहेबाच्या हातातला ग्लास अर्धा होता. तो तिनं धरला.

आमच्याकडं पाहुण्यानं ताटाला नाव ठेवलं तर घरची बाई भांडत नाही. मुकाट ताट उचलते.

"ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली आणि ग्लास ओढला.

साहेबानं सोडला नाही! तिनं ओढला, त्यानं धरला. दोघांच्या हातात एक ग्लास. फेस त्याच्या पांढऱ्या बुटावर सांडला, तरी सोडला नाही.

"अहो ताई, पिऊ तरी द्या!"

"कडू हाय ना? कशाला पिताय?"

"तशी कडू नाही..."

"मग कशी हाय?"

साहेबानं संदेशकडं बघितलं. संदेश दगडासारखा उभा. साहेब हळूच, ओठातल्या ओठात म्हणाला, "चांगली आहे."

"जरा मोठ्यानं बोला," प्रणाली म्हणाली. "आमच्या मामांना ऐकू कमी येतं."

गिरणीच्या पत्र्यावर पाल सरकली तरी मला ऐकू येतं. पण मी कानामागं हात धरला, पुढं वाकलो आणि म्हटलं, "आँ?"

साहेब ओरडला, "चांगली आहे! शिमग्याच्या आधी आमच्या नळाला लावतो!"

प्रणालीनं ग्लास सोडला.

मी कानामागचा हात तसाच ठेवला.

"आँ?"