काहीच न घडलेला भाग

आमच्या घरापासून मोटारीच्या खोलीपर्यंत उसाची दोन रानं लागतात. मधली पायवाट इतकी अरुंद, की दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. आजही त्या वाटेनं जाताना माझ्या हातात काहीतरी वाजणारं असतं. दुसरं काही नसलं तर किल्ल्यांचा जुडगा तरी मी हलवत जातो. बायको हसते. तिला मी कारण अर्धंच सांगितलेलं आहे.

गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या खालच्या अंगाला. आजोबांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी ती मोडली, विहीर पाडली, ऊस लावला. मेंढरांबरोबरची एक सवय मात्र घरात राहिली. पूर्वी अंधार पडल्यावर कळपाकडं जाणारा माणूस लांडग्याच्या भीतीनं पितळी थाळी वाजवत जायचा. पुढं आमच्या भागातल्या उसात बिबटे दिसू लागले, तेव्हा वडिलांनी ती थाळी फळीवरून खाली काढली आणि दाराच्या खुंटीला अडकवली. नियमही त्यांनीच केला. ऊन उतरल्यावर जो रानात असेल त्यानं मोटारीच्या खोलीत जायचं, आतून कडी लावायची आणि घरून कोणी थाळी वाजवत न्यायला आल्याशिवाय दार उघडायचं नाही. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं आणि पाठोपाठ दोन शेळ्या गेल्या होत्या, त्यामुळं या नियमाला कुणी हसलं नाही.

मी तेव्हा दौंडला कॉलेजात होतो, मामांकडं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शनिवारी एसटीनं घरी यायचो आणि सोमवारी परत जायचो. चुलतभाऊ शिक्रापूरच्या एका कंपनीत होता. तिथं तिघांत एक खोली भाड्यानं घेऊन राहायचा आणि रविवारी सुट्टीला गावी यायचा. त्यानं पहिल्या बोनसवर मोठा रंगीत टीव्ही आणला होता. तो चुलत्यांच्या ओट्यावर ठेवायचा आणि आम्ही सगळे अंगणात बसून बघायचो. आवाज मोठा लावायचा, कारण चुलत्यांना कमी ऐकू यायचं. चुलत्यांना आम्ही आप्पा म्हणायचो.

रविवारी दिवस कलता कलता अंतराळातली एक मालिका लागायची. एक यान पृथ्वीपासून फार लांब गेलेलं, त्यात सात-आठ माणसं, आणि दर आठवड्याला काहीतरी भयंकर त्यांच्या अंगावर येणार. चुलतभावाला त्यातली मारामारी आवडायची. मला काय आवडायचं ते धड सांगता यायचं नाही, पण दौंडला आठवडाभर मी त्या यानाचा विचार करायचो.

त्या रविवारी वडील एका सोयरिकीच्या कामासाठी दौंडकडंच गेले होते. एरवी आईला आणायला तेच जायचे. सकाळी निघताना त्यांनी चप्पल घालता घालता मला सांगितलं, "आज तू जा. ऊन विहिरीच्या कठड्यावरनं उतरलं, की निघायचं." मी हो म्हणालो. दुपारी आई दारं धरायला, म्हणजे उसाच्या सऱ्यांत पाणी फिरवायला, आणि गाईला घास कापायला गेली. मोटारीची थ्री फेज वीज पाचच्या सुमारास जायची, घरातली राहायची. मोटार बंद पडली की ती खोलीत जाऊन थांबणार, हे ठरलेलं होतं.

मालिका सुरू झाली तेव्हा ऊन कठड्यावर होतं; विहीर उंचवट्यावर असल्यानं तो अंगणातून दिसायचा. म्हटलं, भाग संपला की निघू.

तो भाग वेगळाच निघाला. यानाच्या काचेवर एक पांढरा ठिपका दिसतो. तो जवळ येतोय. कप्तान इंजिन बंद करायला लावतो, दिवे घालवतो, सगळ्यांना गप्प बसायला सांगतो. मग अर्धा तास ते नुसते बसून राहतात. कुणी बोलत नाही. एका बाईच्या कपाळावरचा घाम दिसतो. ठिपका मोठा होतो, अगदी जवळ येतो आणि थांबतो. तिथंच भाग संपला.

अंगणात लगेच चुलतभाऊ सुरू झाला. नुसता ठिपका बघितला अर्धा तास, त्यांचे पैसे संपले असतील, म्हणून अंधारात शूटिंग केलं. कोण मेलं नाही, कोण आलं नाही. आप्पा म्हणाले, त्यांना भाग चांगला वाटला, मधे छान डुलकी लागली. चुलती म्हणाली, ती घामाची बाई बिचारी पोटुशी दिसत होती, तिचं तरी काहीतरी दाखवायला हवं होतं.

मला राग आला. त्या भागानं माझ्या अंगावर काटा आला होता आणि हे हसत होते. मी बोलायला लागलो. दौंडला चहाच्या टपरीवर मित्रांशी वाद घालून मला बोलायची चटक लागली होती आणि घरी कुणी ऐकून घेतलं की ती वाढायची. मी म्हणालो, काही घडलंच पाहिजे असं थोडंच आहे. चुलतभाऊ म्हणाला, मग टीव्ही बंद करून काचंकडं बघत बस, तिथंबी काय घडत न्हाई. सगळे हसले. आप्पांना ऐकू जावं म्हणून मी आणखी मोठ्यानं बोलू लागलो. उठून उभाच राहिलो.

जे बोललो त्यातलं एक वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. "आप्पा, वाघ पुढ्यात आल्यावर माणूस पळतो न्हाईतर मरतो. खरी भीती त्याच्या आधीची. तो हाय का न्हाई हे कळत न्हाई, तवाची."

आप्पांनी मान हलवली. मी जिंकलो असं मला वाटलं.

आमच्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात. ते उदाहरण मीच दिलं, माझ्या तोंडानं. तरीही मला आई आठवली नाही. त्यानंतरही मी बोलत राहिलो. चुलतभाऊ चिडवत होता, मी उत्तरं देत होतो. शेवटी चुलती दिवा लावायला उठली आणि सहज म्हणाली, "तुझी आई आली का रं?"

मी विहिरीच्या दिशेला बघितलं. कठडाच दिसत नव्हता.

मी पळालो. थाळी खुंटीलाच राहिली, बॅटरीही घेतली नाही. चुलतभाऊ मागून काहीतरी ओरडला, ते मी ऐकलं नाही. वाटेत दोन्ही बाजूंनी उसाची पाती अंगाला घासत होती. थांबलो की पात्यांचा आवाज थांबायचा आणि मग दुसरा एक आवाज येतोय असं वाटायचं. पुन्हा पळालो की माझ्याच अंगाच्या आवाजात तो बुडून जायचा. तो आवाज खरा होता की नाही, आजही सांगता येणार नाही.

खोलीपाशी पोचलो तेव्हा आकाशात थोडा उजेड होता, खाली नव्हता. घासाचा भारा बांधावर तसाच पडला होता, विळा त्याच्यात खोचलेला. दार बंद. मी ढकललं. आतून कडी होती. मी हाक मारली.

उत्तर आलं नाही.

पुन्हा हाक मारली, दारावर हात आपटला. आत काही हललं नाही. पाठ दाराला लावून मी उसाकडं बघत उभा राहिलो. समोरून काय येईल याची भीती जास्त, की दाराआड काय असेल याची, ते मला ठरवता येईना. आई आत आहे, कडी तिनंच लावली आहे, मग ती बोलत का नाही? तिला काही लागलं असेल. ती आत शिरायच्या आधीच काहीतरी झालं असेल. मी रडकुंडीला येऊन, "आई, मी हाय, मी," म्हणत राहिलो. माझाच आवाज मला परका वाटायला लागला.

मग थाळी आठवली. ती आणायला परत जायचा धीर नव्हता. विहिरीवरून आलेला लोखंडी पाइप खोलीच्या भिंतीतून आत जातो. मी दगड उचलला आणि त्या पाइपावर मारला. दर वेळी वडील जसे थाळी वाजवत यायचे, तशाच संथ लयीत मारत राहिलो.

कडी सरकली. दार बोटभर उघडलं. अंधारातून आईनं आधी माझ्या हाताकडं बघितलं.

"थाळी कुठं हाय?"

मी दगड दाखवला. ती बाहेर आली, भारा डोक्यावर घेतला आणि मला पुढं व्हायला सांगितलं. विळा तिनं हातात ठेवला. वाटेत मी बडबडत माफी मागत होतो. घर दिसायला लागल्यावर तिनं एकेक सांगितलं, अगदी शांतपणे, काल बाजारात काय झालं ते सांगावं तसं.

मोटार बंद झाली आणि रान गप्प झालं, तेव्हापासून तिला आमचे आवाज येत होते. टीव्हीचाही आणि नंतर माझाही. मी मोठ्यानं बोलत होतो. नदीकाठी संध्याकाळचा आवाज लांब जातो. तिला वाटलं, मी बोलत बोलत येतोय. तिनं कडी काढून दार उघडलं, वाट रिकामी. परत लावलं. थोड्या वेळानं माझा आवाज आणखी मोठा झाला, अगदी जवळ आल्यासारखा. तिनं पुन्हा दार उघडलं. त्या वेळी बांधापलीकडचा ऊस एकाच ठिकाणी हलत होता, वारा नसताना. ती बघत राहिली, मग तो हलायचा थांबला. तिनं कडी लावली आणि ठरवलं, आता कुणाचाही आवाज आला तरी उघडायचं नाही. थाळीच वाजली पाहिजे.

"तू दाराशी वरडत व्हतास, तवा बी मला वाटलं तू घरीच बोलतूयास."

मी विचारलं, "मग काय झालं का? काय दिसलं का?"

"काय न्हाई झालं," ती म्हणाली.

अंगणात चुलतभाऊ थाळी आणि बॅटरी घेऊन निघायच्या तयारीत उभा होता. आईनं भारा टाकला आणि घास कापता कापता उशीर झाला, असं चुलतीला सांगितलं. वडील परत आल्यावर त्यांनाही तिनं तेच सांगितलं. मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं नाही. वडिलांनी दुसऱ्या दिवशी खोलीभोवती माग बघितला, कारण घास कापता कापता तिला एवढा अंधार झाला हे त्यांना पटलं नव्हतं. पण दारं धरलेल्या रानातलं पाणी फुटून बांधापर्यंत सगळा चिखल झाला होता. त्यात काही उरलं नव्हतं. तिथं काही होतं की नव्हतं, हे त्यामुळं कुणालाच कळलं नाही.

पुढच्या रविवारी मालिका लागायच्या आधीच मी थाळी घेऊन रानात गेलो. वडील घरी होते, मी जातो म्हणालो, त्यांना नवल वाटलं असावं. आई घास कापत होती. खाली वाकलेलं माणूस त्या जनावराला माणूस वाटत नाही, म्हणून कुणीतरी शेजारी ताठ उभं राहायचं असतं. मी उभा राहिलो.

मोटार बंद झाली. आणि मग टीव्हीचा आवाज आला, इतका जवळून की मी मागं वळून बघितलं. मागं नुसता ऊस होता. यानाचा तो घुमणारा सूर, कप्तानाचं बोलणं, सगळं स्पष्ट. ठिपका म्हणजे त्यांच्याच यानाचा तुटून मागं राहिलेला तुकडा निघाला. चुलतभाऊ हसून ओरडला, "बघा आप्पा, म्हटलं व्हतं का न्हाई? काय न्हाई निघालं!" तो खांद्याशी उभा राहून बोलावा तसं ते ऐकू आलं.

आईनं ऐकलं. विळा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. तिनं मान वर केली नाही.

भारा बांधून झाल्यावर मी थाळी वाजवायला सुरुवात केली. ती माझ्या शेजारीच होती, न्यायला यायचं कुणी उरलं नव्हतं, तरी वाजवली. "आता कशाला?" असं ती म्हणेल, याची मी वाट बघत होतो. ती म्हणाली नाही. घरापर्यंत मी थाळी वाजवत गेलो आणि ती माझ्या मागून आली.