निवळलेलं पाणी

खाणीच्या गाळ-तलावाखालून तांबूस ओढा वाहतो. परवान्याच्या अर्जासाठी त्याचा नमुना घेताना, खाणीच्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे, मी पाणी बादलीत निवळू दिलं आणि वरचंच बाटलीत भरलं. शेजारी एक म्हातारी त्याच ओढ्याचं, घागरीत निवळलेलं पाणी पदरातून गाळत होती.

"तुमी तपासता थे बरं हाय, बापू. शिकेल मानूस सई करते, मंग आमी बेफिकीर पेतो."

आमच्या घरात सही करणारा मी पहिलाच. त्या सहीचं आईला केवढं कौतुक! निवळल्यानं पाणी स्वच्छ दिसतं, शुद्ध होत नाही, हे मला त्याच शिक्षणानं शिकवलं.

म्हातारीनं तांब्या पुढे केला. भर उन्हात मी म्हणालो, "तहान नाही."

ती हसली आणि तांब्या तिनं स्वतःच्याच तोंडाला लावला.