आईचे समोरचे दोन दात

बसवंत मूळचा निपाणीचा, पण जे. पी. नगरच्या डेंटल लॅबमध्ये कॅप घडवता घडवता त्याची एकवीस वर्षं गेली. शेजारच्या दातावरची रेघ, पिवळट छटा, झिजलेली कड, सगळं तो हुबेहूब उतरवायचा. "दात नवा दिसला की आपलं काम फसलं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गडी हाताचा पक्का, आणि त्याचा थोडा गर्वही होताच. का नसावा?

मग त्याची आई यल्लव्वा न्हाणीत पडली आणि समोरचे दोन्ही दात अर्धे मोडले. त्या दातांच्या मधोमध एक खाच होती. चाळीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवताना दातानं दोरा तोडून तोडून पडलेली. त्याच शिलाईच्या पैशांवर बसवंत शिकला होता. "आईचे दात मीच करणार, कुणी हात लावायचा नाही," त्यानं लॅबभर बजावलं.

मशीननं खडूसारख्या मऊ चकतीतून कॅप कोरून काढल्या, मुद्दाम थोड्या मोठ्या, कारण भट्टीत त्या आकसतात. भट्टीआधी त्यानं आठवणीतली खाच हातानं कोरली. भाजून दगड झालेल्या कॅप पाणी सोडत हलक्या हातानं घासल्या. जोर दिला तर आतून तडा जातो. वर चकाकी चढवली. खाच अगदी तश्शीच! त्याचे डोळे भरून आले.

बसवनगुडीच्या दवाखान्यात डॉक्टर रूपश्रीनं कॅप बसवून पाहिल्या आणि यल्लव्वाच्या हाती आरसा दिला. तिनं पाहिलं आणि झटकन पदर तोंडाला लावला.

"हे काय करून ठेवलास रे, बसू?"

"तुझेच दात आहेत की, आई. खाचसुद्धा!"

"त्या खाचेची जन्मभर लाज वाटली मला. घरातसुद्धा हसू आलं की पदर घ्यायची. देवानंच मोडले म्हटलं, सुटले; तर तू पुन्हा घडवून आणलास? एका शब्दानं विचारायचं तरी होतंस!"

आई हसताना पदर घेते ती तिची रीतच, असं बसवंत धरून चालला होता. परक्यांच्या दातावरची केसाएवढी रेघ दिसणाऱ्याला हे दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याला स्वतःचाच राग आला.

"घासून काढतो," तो पुटपुटला.

"अण्णा, स्वल्प थांबा. घासले तर दात आखूड होतील. नवेच करा," रूपश्री म्हणाली.

आठ दिवसांनी नवे दात बसले. सरळ कडेचे, चक्क नवे दिसणारे. यल्लव्वा आरशात बराच वेळ बघत राहिली. मग लेकाकडे वळून खळखळून हसली. पदर खांद्यावरच होता.

पंचेचाळीस वर्षांच्या बसवंतनं आईला पदराविना हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.