सुभद्रेच्या पदरातला गूळ

दशावतारात मी वीस वर्षं स्त्री-भूमिका केल्या, आणि माझ्या चोळ्या शिवल्या सुभद्रेनं. वालावलच्या अलीकडे, खाडीकाठच्या आमच्या गावात तिचं एकटीचं घर होतं; ओटीवर शिवणयंत्र. माप घेताना म्हणायची, "गो दत्तारामबाय, पोट आत घे. द्रौपदी आसस तू, बाळंतीण नाय."

१९५८ साली एकदा मी हाक न देता ओटीवर चढलो, तर ती मांडीत सुई टोचून घेत होती. लपवायला वेळच मिळाला नाही, म्हणून मग सगळं सांगितलं. सतराव्या वर्षी वाळून काटकी झाली होती. कितीही पाणी प्यायली तरी घसा कोरडा. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. जेवलं की रक्तातली साखर चढते, उपाशी राहिलं की उतरते. पण निरोगी शरीर तिला फार चढू देत नाही, फार उतरू देत नाही, आणि हे आपल्याला न कळवता चाललेलं असतं.

"म्हणजे आमचो पखवाजी," मी म्हटलं. "नट धावांदे नाय तर रडांदे, तो लय सोडणा नाय."

"माझो पखवाजी पळून गेलो," सुभद्रा म्हणाली. "आता मीच हातान वाजवतंय."

तिचा भाऊ सत्यवान मुंबईहून इन्सुलिनच्या बाटल्या धाडायचा. त्या ती डब्यात घालून विहिरीत, पाण्याच्या हातभर वर, दोरीनं टांगून ठेवी, तेवढाच थंडावा. काचेची पिचकारी रोज उकळायची. सकाळी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी तापवायची. निळीच राहिली तर ठीक. हिरवी, पिवळी, विटकरी होत गेली तर साखर वाढलेली. मग सुई किती आणि भात किती, ते ठरवायचं. चतुर्थीला शेजारणींना मोदक वळून द्यायची, चाखायची नाही. आणि कुणाला कळू द्यायची नाही. रोगट बाईकडे शिवायला कापड कोण देणार?

मला मात्र बजावलं होतं, "सुई घेतल्यार वेळेर जेवक नाय तर साखर एकदम खाली जाता. घाम सुटतलो, अंग थरथरतला, मी काय बाय बडबडतलंय. पदरात गूळ बांधलेलो आसता, तो तोंडात कोंब. मी नको म्हटलंय तरी आयकू नको."

१९६१ साली देवळातल्या उत्सवाला महाप्रसाद बाराचा ठरला होता. सुभद्रेनं त्या हिशेबानं साडेअकराला सुई घेतली. पालखी खालच्या वाडीत अडली, दोन वाजले. नैवेद्याआधी तोंड हलवायचं कसं, म्हणून ती खांबाला टेकून बसून राहिली. गूळ पदरातच.

मी मंडपात शिरलो तेव्हा ती घामानं निथळत घुमत होती. केस सुटलेले, दात आवळलेले. भोवती बायाबापड्या हात जोडून. "अवसर इलो! देवी इली!" म्हातारी हौसाबाई पुढे सरकली. "माये, माझी म्हस चार दिस नाय. खंय गेली, सांग."

"खाडी..." सुभद्रा पुटपुटली.

सगळ्यांनी जमिनीला डोकं टेकलं. मी पुढे झालो, तर दोघांनी मला मागे ओढलं. देवीच्या अंगाला हात? तिला जे आलं होतं ते मला ठाऊक होतं. समजावत बसायला वेळ नव्हता. शंभर वेळा देवी झालेल्या गळ्यानं मी ओरडलो, "देवीक गूळ व्हयो! आत्ता!"

गर्दी फाटली. मी पदराची गाठ सोडून गूळ तिच्या गालात अंगठ्यानं दाबला. तिनं माझ्या थोबाडीत दिली. मी दाबतच राहिलो. पंधराएक मिनिटांनी डोळे निवळले. "दत्ताराम, माझो पदर कोणी सोडलो?"

संध्याकाळी हौसाबाईची म्हैस खाडीतच सापडली. झालं! दुसऱ्या दिवशी सुभद्रेच्या ओटीवर नारळ घेऊन माणसं.

मला वाटलं, ती आभार मानेल. ती म्हणाली, "तुझ्या खोट्यान वाचलंय, आणि त्याच खोट्यान मरतलंय. परत असा झाला आणि तू नसलंस, तर ही माणसां हात जोडून बसतली."

सोमवारी देवळाचे मानकरी असलेले गावकर जमले, तेव्हा तिनं मंडपात पिचकारी, बाटली, नळी मांडली आणि सगळं सांगितलं.

"मगे म्हस कशी गावली?" हौसाबाई चिडून म्हणाली.

"म्हस खाडीत नाय तर खंय जातली? मुंबयक?"

थोरले गावकर धोंडूकाका खाकरले. "मगे आमी काय करूचा?"

"परत असा झाला तर माका काय विचारू नकात. गूळ देवा."

दोन महिने तिच्या यंत्रावर धूळ बसली. मी माझ्या जुन्या चोळ्या उसवून परत शिवायला नेत होतो, तिनं ओळखलं आणि शिव्या घातल्या. सुई, नळी, विहिरीतला डबा यांत एका दिवसाचा खंड नाही. मग एका सकाळी हौसाबाई चोळीचं कापड घेऊन आली. कापडाच्या टोकाला गुळाचा खडा बांधलेला.

पुढच्या वर्षी पालखी उचलायच्या आधी धोंडूकाकांनी भोयांना थांबवलं आणि देवळातून मोठ्यानं हाक घातली, "सुभद्रा जेवली काय?"

"जेवतंय रे, जेवतंय!" मंडपाच्या कोपऱ्यातून भरल्या तोंडानं उत्तर आलं. मग पालखी उठली.