रिकाम्या नळीचं वजन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, आणि सांगता सांगताच मनात येतंय — तुम्ही उद्या कुठे बोलणार तर नाही? बघा, स्वभावच असा. तिथूनच सुरुवात करावी लागेल.

मी फैजपूरचा, केळीवाल्यांच्या घरातला. घड काट्यावर चढले की आबा, म्हणजे माझे वडील, काट्याला खेटून उभे राहायचे. घडाचा दांडा कुणी खात नाही, म्हणून त्याचं वजन कापतात. ते कापणाऱ्याचा हात जरा सैल सुटला की गेलंच! "घडाकडे नको, त्याच्या हाताकडे बघ," आबा म्हणायचे. मी बघायला शिकलो. इतका शिकलो की पुढे मला माणसं दिसेनात, हातच दिसायचे.

शिकून पाण्याचा अभ्यासक झालो आणि हिमाचलात बर्फ मोजायच्या कामावर गेलो. पोकळ नळी बर्फात जमिनीपर्यंत रुतवायची, भरलेली नळी ताणकाट्याला टांगायची, त्यातून रिकाम्या नळीचं वजन वजा करायचं. उरेल ते त्या बर्फातलं पाणी. बर्फ कमरेइतका दिसतो, पण त्यातून पाणी किती निघेल ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. उन्हाळ्यात नदीला किती येणार, हा अंदाज त्या वजाबाकीवर.

वरच्या जागेवर भरवशाचा माणूस हवा होता. साक्रीच्या हिरामणनानांना मीच बोलावलं. नाना तिथे वर्षानुवर्षं पर्जन्यमापक वाचत होते. अंगात ताप असो, घरात लग्न असो, सकाळी साडेआठची नोंद चुकायची नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस — माझ्या एका शब्दावर त्या थंडीत आला.

दर आठवड्याला नाना आपली वही घेऊन खाली माझ्याकडे यायचे. आणि मला दिसलं, रिकाम्या नळीचं वजन रोज वेगळं! काल एक, आज त्याहून जास्त. ॲल्युमिनियमची तीच नळी — वाढेल कशी? म्हणजे कापायचं वजन वाढतंय. झालं, माझ्या डोक्यात फैजपूरचा काटा उभा राहिला.

मग सगळंच खटकायला लागलं. वरून आलेल्या माणसाचे बूट कोरडे कसे? गारठलेल्या बोटांनी अक्षर इतकं वळणदार कसं? हा तंबूत शेगडीशी बसून आकडे पाडतोय, असं मी ठरवूनच टाकलं. एकदा टोमणा मारला, "काय नाना, नळीनं बाळसं धरलंय का?"

नाना मनापासून हसले. "रोज तोलनं पडस, भाऊ. नळी रिकामी दिखस, पन तिना पोटमा बरफ चिकटेल ऱ्हास."

मला काय वाटलं असेल? वाटलं, लबाड! उत्तर तयार ठेवलंय.

मग मी — नाही, सांगतो. कार्यालयाकडे पाठवायची प्रत मी स्वतः लिहिली. नानांनी रोज तोललेली वजनं काढून टाकली आणि सगळीकडे पहिल्या दिवसाचं एकच वजन घातलं. कुणाला विचारलं नाही. नोंद घेणारा म्हणून नाव मात्र नानांचंच ठेवलं. का ठेवलं? उद्या काही निघालं तर, म्हणून?

उन्हाळ्यात नदीला अंदाजापेक्षा पाणी फारच कमी आलं. साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. नोंदी कुणाच्या? "नानांच्या," मी म्हणालो. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणालो, "मला आधीपासूनच शंका होती." नानांनी माझ्याकडे पाहिलं. ती प्रत त्यांनी कधी बघितलीच नव्हती. साहेबांच्या हातात आपलीच वही आहे असं ते समजत होते. त्यांना घरी जायला सांगितलं.

त्याच दुपारी मी माझ्याकडेच राहिलेली त्यांची मूळ वही काढली आणि गणित पुन्हा केलं. नदीशी जुळलं. एकूण एक जुळलं. नळीत खरंच बर्फ चिकटत होता. नानांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. साहेबांची खोली माझ्यापासून चार पावलांवर. मी वही ट्रंकेत तळाशी घातली आणि सकाळी नानांची पिशवी उचलून त्यांना गाडीत बसवून आलो. वर म्हणालो, "सांभाळून जा."

साक्रीला बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पर्जन्यमापकाचं कामही गेलं. मला बढती मिळाली.

यंदा साक्रीच्या आठवडे बाजारात नाना भेटले. मला वाटलं, यांना कळलंय, आता चारचौघांत काढणार. मी त्यांच्या हातांकडेच बघत होतो. त्यांनी माझा हात धरून बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "मन्हं कोठे चुकनं व्हई, भाऊ?" आता घराचं कुलूपही तीनदा ओढून बघतात म्हणाले. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही.

मी म्हणालो, "होतं असं, नाना. थंडीत होतं."

त्यांनी मान डोलावली. पटलं त्यांना.

वही अजून माझ्या ट्रंकेत आहे. तिच्यातला एकही आकडा चुकलेला नाही.