गच्चीवरची नऊ झाडं

माझ्या नाकाचं कौतुक मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलंय, की त्याच नाकाने मला एकदा कसं तोंडावर पाडलं, तेही मीच सांगितलेलं बरं. दुसरा कोणी सांगेल तर मीठमसाला लावून सांगेल. आणि मसाल्याचा धंदा माझा आहे, त्याचा नाही! तेव्हा चहा घ्या आणि ऐका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहरैनला, मनामाच्या बाजारात माझं मसाल्याचं आणि अत्तराचं दुकान. शिक्षण रत्नागिरीकडच्या आमच्या गावात चौथीपर्यंत, तेही मास्तरांच्या मेहेरबानीने. पुढचं सगळं नाकाने शिकलो. वेलची हुंगली की सांगायचो, ही केरळची, ही ग्वाटेमालाची. ऊद कोळशावर टाकायच्या आधीच सांगायचो, आसामचा की कंबोडियाचा. गिऱ्हाईक डोळे मिटून मान डोलवायचं आणि मी भाव वाढवायचो.

कोणताही माल समोर आला की मी तीनच गोष्टी विचारतो. मूळ कुठलं? वास कसला? गुण काय? बास. एवढ्यावर माझं दुकान उभं राहिलं.

आता, जुफैरला एक म्हातारा इंग्रज साहेब राहायचा. जहाजावरच्या नोकरीतून रिटायर झालेला. लोबान न्यायला यायचा आणि तासभर बोलून जायचा. जगभरची झाडंझुडपं त्याला तोंडपाठ. एक दिवस मी हळूच विचारलं, "साहेब, हा गांजा म्हणतात तो माल असतो तरी कसा?"

ज्ञान म्हणून विचारलं बरं का! त्या देशात तो शब्द उच्चारायचा म्हटलं तरी आधी दाराकडे बघावं लागतं.

साहेब खुलला. म्हणाला, त्यातही जाती असतात. हे मला लगेच पटलं. आपल्याकडे हापूस वेगळा, पायरी वेगळी. एक जात अफगाणिस्तानकडच्या डोंगरांतली. बुटकी, रुंद पानांची. ती माणसाला गादीवर आडवं करते. दुसरी उष्ण मुलखातली. आपलं केरळ, थायलंड, मेक्सिको. तिला सॅटिव्हा म्हणतात. ती ताडमाड वाढते. पान म्हणजे हाताच्या लांब बोटांसारखं, कडेला करवतीचे दाते. वास लिंबाच्या सालीचा, त्यात देवदाराचं लाकूड आणि मागून किंचित मिरी. आणि गुण? ती झोपवत नाही, डोक्यात चढते. माणूस बडबडतो, कारण नसताना हसतो, तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, भूक लागते, आणि सगळं जग आपल्यालाच कळलंय असं वाटायला लागतं.

मूळ, वास, गुण. तिन्ही मिळाले! मी पाठ करून टाकलं. माल मात्र जन्मात डोळ्यांनी पाहिला नव्हता. तेवढं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

आमची इमारत तीन मजली. खाली दुकान, वर मी आणि माझी बायको जैनब, त्याच्या वर वानखडे, त्याची बायको सुनंदा आणि मुलगी. वानखडे अमरावतीकडचा बौद्ध माणूस, सित्र्याला एका कंपनीत टेक्निशियन. दारू सोडा हो, सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही. त्याला ती जागा चार वर्षांपूर्वी माझ्या शब्दावर मिळाली होती.

शब्द कोणाला दिलेला? बू खालिदला. इमारत बू खालिदची, दुकानाचं लायसन्स बू खालिदच्या नावावर, माझा व्हिसा बू खालिदच्या सहीवर. थोडक्यात, बहरैनमध्ये मी जो काही होतो तो बू खालिदच्या मर्जीने होतो.

एका मंगळवारी दुपारी नळाचं पाणी गेलं. गच्चीवरची टाकी गळते म्हणून दोन महिने मी बू खालिदच्या मागे लागलो होतो. नेमका त्या दिवशी त्याचा निरोप आला, पाचला बघायला येतो. म्हटलं, आपण आधी एक नजर टाकावी. चढलो गच्चीवर. गुडघ्यांमुळे कित्येक महिन्यांत गेलो नव्हतो.

टाकीच्या मागे जुन्या चादरी बांधलेल्या. पडद्यासारख्या! मी एक चादर बाजूला केली.

नऊ डबे. तुपाचे मोठे पत्र्याचे डबे, आणि प्रत्येकात माझ्या खांद्याला लागेल एवढं झाड. मी पान बघितलं आणि त्या उन्हात माझे पाय गार पडले. पाच बोटं. लांब. कडेला करवतीचे दाते!

पण मी काय कच्चा व्यापारी आहे? डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही मी. एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाला लावलं. लिंबू! अगदी स्वच्छ आंबट. पुन्हा हुंगलं. देवदार? हो, आहे की! बाजूला टाकीला टेकू म्हणून लाकडाची फळी लावलेली होती, पण तिकडे कोण बघतो. आणि मिरी? आता मी सकाळपासून मिरी मोजून देत होतो, माझ्या बोटांना दुसरा कसला वास येणार! पण तेव्हा नाकाने निकाल दिला, आणि माझ्या नाकाच्या निकालावर अपील नसतं.

धडपडत खाली आलो.

"जैनब, आपण संपलो. खलास!"

"टाकी फुटली?"

"टाकी फुटली असती तर साखर वाटली असती. वानखडेने वर गांजा लावलाय!"

ती भाकरी थापायची थांबली. "वानखडेंनी? अवो, ते चहात दुसरा चमचा साखर घालायला घाबरतात."

"तेच तर! अशा माणसावर कोण संशय घेणार? पडदे लावलेत गं, पडदे! भाजीपाल्याला कोणी पडदे लावतं?"

"मग त्यांना विचारा की सरळ."

"तो सित्र्यात ड्युटीवर. कंपनीची बस येईपर्यंत पाच वाजून जातात."

"सुनंदाला विचारते."

"ती पोरीला आणायला ईसा टाउनच्या शाळेत गेलीय. आणि विचारायचं कशाला? विचारलं म्हणजे मला माहीत होतं असं झालं. माहीत असून गप्प राहिलो असं झालं. मग वानखडेच्या शेजारच्या कोठडीत मी!"

सव्वाचार वाजले होते. मी पुन्हा वर गेलो आणि नऊच्या नऊ झाडं मुळासकट उपटली. देठांवर बारीक काटे, हात सोलवटून निघाले. साहेबाने काट्यांचं काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, ही आणखी भारी जात असणार!

मोडून, दुमडून, त्याच चादरीत बांधून गाठोडं खाली आणलं. आता टाकायचं कुठे? कचऱ्यात टाकावं तर झाडूवाला उघडून बघणार. जाळावं तर वास अख्ख्या बाजारात. समुद्रात टाकावं तर रस्त्यात पोलीस चौकी. तुकडे करून संडासात सोडावं, तर फ्लशला पाणी नाही. पाण्यासाठी तर बू खालिद येत होता!

मी असा गाठोड्याभोवती फेऱ्या मारतोय, आणि जैनबने त्यातलं एक पान उचलून बघितलं.

"अवो, ही पानं मी बघितलीयत. सुनंदा सकाळी हीच निवडत होती. गच्चीवरची भाजी म्हणून वाडगाभर देऊन गेली. नाव सांगितलं होतं तिने, माझ्या लक्षात नाही राहिलं. दुपारी नाही का खाल्लीत? आंबट, लसणाची फोडणी घातलेली?"

मी खुर्चीवर बसलो.

"मी किती खाल्ली?"

"तीनदा मागून घेतलीत. वाडगा बोटाने पुसलात."

"या अल्ला!"

"अवो, म्हणजे भाजीच आहे ना ती!"

"भांगेचीही भजी करतात लोक!"

आणि मग मला जाणवायला लागलं. जीभ फिरवून बघितली, कोरडी ठणठणीत. छातीवर हात ठेवला, धडधड. पोट? कोकलत होतं! दोनदा उन्हातून गच्ची चढून उतरलेल्या, पन्नाशीच्या, घाबरलेल्या माणसाला आणखी काय होणार? पण मला साहेबाचा एकेक शब्द आठवत होता.

"जैनब," मी भिंत धरून म्हणालो, "मला चढलीय."

"काय चढलीय? मी पण खाल्ली तीच भाजी. मला कुठे काय झालं?"

"सुरुवातीला असंच वाटतं!"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसत सुटली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी हबकलो. कारण नसताना हसतेय! म्हणजे हिलाही चढली!

तेवढ्यात जिन्यातून माझ्या नावाने अरबी थाटाची हाक आली. "या इस्माईल!"

बू खालिद. पावणेपाचलाच!

गाठोडं खाटेखाली जाईना. मी ते पाठीशी धरून जिन्यात आलो. ठरवलं, शुद्धीतल्या माणसासारखं वागायचं. पण शुद्धीतला माणूस वागतो कसा? कधी लक्षच दिलं नव्हतं! एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरलो. बू खालिद सलाम म्हणायच्या आत मी वालेकुम सलाम म्हणून टाकलं.

बू खालिद पिकल्या दाढीचा, शांत माणूस. तरुणपणी बापाच्या मोत्यांच्या व्यापारासाठी वर्षानुवर्षं मुंबईला राहिलेला, त्यामुळे हिंदी अगदी बाजारातली.

"कैसा है, इस्माईल?"

"एकदम बराबर! आज मंगलवार है। ये जीना है। मैं इस्माईल है।"

त्याने नुसती मान हलवली. मी मनात म्हटलं, वा! जमलं. काही ओळखलं नाही!

"गठरी में क्या है?"

"कपडा।"

कपड्याच्या कडेने एक पान लोंबत होतं. पाच बोटांचं. बू खालिदने ते ओढून घेतलं, उलटसुलट केलं आणि माझ्याकडे बघितलं.

संपलं. माझा बांधच फुटला. "बू खालिद, हशीश है! पर मेरा नहीं, ऊपरवाले का है! अल्ला का नहीं, वानखडे का! मैं फेंकने जा रहा था। लेकिन दोपहर को गलती से खा लिया। तीन बार! मेरे को चढ गया है, मेरी बीवी को भी चढ गया है। बू खालिद, व्हिसा मत काटो!"

त्याचा चेहरा पांढरा पडला. हातातली तसबीची माळ थांबली. "हशीश? मेरे घर में?" ते मला पोलिसांच्या शिट्टीपेक्षा भयंकर वाटलं. अठरा वर्षांचं दुकान, जैनबची वेलचीची बरणी, सगळं विमानात भरून रत्नागिरीला निघालेलं दिसायला लागलं.

खाली दार वाजलं. वानखडे! बस आज लवकर आली होती. हातात जेवणाचा डबा, घामाने शर्ट चिकटलेला. दोन पायऱ्या चढला आणि त्याची नजर गाठोड्यावर गेली.

"अरे बाप्पा! हे काय केलं इस्माईलभाई? माही अंबाडी काहून उपटली?"

"अंबाडी?"

"अंबाडी नाही तं काय! भाजीची! मायनं गावाहून बी पाठवलं होतं. दोन महिने झाले, चादरी बांधून गरम हवेपासून वाचवून राहिलो, अन् तुमी मुळासकट..." त्याने एक मोडकं झाड हातात घेतलं. "अर्धी बियाले ठेवली होती जी."

आता तुम्ही म्हणाल, मराठी माणूस आणि अंबाडी ओळखत नाही? नाही ओळखली! आमच्या घरी आंबट म्हणजे कोकम. त्यांच्याकडे आंबट म्हणजे अंबाडी. ताटात वाढली तर चाटूनपुसून खाईन, पण डब्यात उभी असलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

"अरे, मला वाटलं तू गांजा..."

वानखडेने जेवणाचा डबा पायरीवर ठेवला.

"गांजा? मी?" आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर बरं झालं असतं. "चार वर्षं झाले, इस्माईलभाई. एक डाव विचारून तं पाहाचं होतं."

काय सांगू! बू खालिदपुढे जेवढा घाबरलो होतो, त्याच्या दुप्पट त्या वाक्याने मेलो. मी त्याचे दोन्ही हात धरले. त्याने ते सोडवून घेतले, मूठभर पानं ओरबाडली, कच्चीच तोंडात कोंबली आणि बू खालिदकडे बघत चावून चावून खाल्ली. मग एक पान त्याच्यापुढे धरलं. बू खालिदने बिस्मिल्ला म्हणून टोक चावलं. एक डोळा मिटला.

"खट्टा!"

"अच्छा लगता है चाचा, लसूण डालके, ज्वारी की रोटी के साथ।"

मी घसा साफ केला. "वानखडे, हिचा गुण काय रे?"

"पोट साफ होते. बाकी काई नाही."

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या एका वाक्याने माझी नशा उतरली. धडधड थांबली, जीभ ओली झाली. भिंत सोडून सरळ उभा राहिलो. वर दारात जैनब पुन्हा तोंडाला पदर लावून बसली होती, आणि मग वानखडेलाही हसू आवरेना. कठडा धरून हसला बिचारा. म्हणाला, "आता बसा निवडत. नऊ झाडांची भाजी आहे, पूर्ण बिल्डिंगले पुरते."

बू खालिद मात्र हसला नाही. पान हातात धरून माझ्याकडे बघत उभा.

"बू खालिद," मी हात जोडले, "लायसन्स...?"

"लायसन्स रहेगा," तो म्हणाला. "लेकिन इस्माईल, आज से मेरे को डर लगेगा।"

"अब कैसा डर? भाजी है!"

"भाजी है, इसलिये तो।" तो एक पायरी वर चढून माझ्या अगदी जवळ आला. "तू बोला, तेरे को चढा है। मैंने सच माना। तेरे को ऊपर से नीचे तक देखा, तेरी सब बात सुनी। अठारह साल से तू जैसा है, उस में मेरे को कुछ फरक नहीं दिखा।"

त्याने ते पान माझ्या हातावर ठेवलं.

"किसी दिन सच में चढ गया, तो मेरे को मालूम कैसे पडेगा?"