मराठीत शिकवा, असं आम्ही म्हणालो

एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं, कारण बी.ए.ला त्यात बरे मार्क पडले होते. याहून मोठा विचार केला नव्हता. बदलापूरच्या कॉलेजात तो विषय मी मराठीत शिकले होते. एम.ए.साठी उल्हासनगरला जावं लागलं आणि तिथे सर इंग्रजीत शिकवायचे. भरभर नाही, सावकाश, फळ्यावर शब्द लिहून. तरी सुरुवातीला मी ते शब्द देवनागरीत उतरवून आणायचे आणि घरी त्यांच्याकडे बघत बसायचे. 'सोशल मोबिलिटी' म्हणजे मोबाईलमुळे समाजात झालेला बदल, असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

आम्ही बदलापूरजवळच्या खरवईचे. भातशेती होती, ती आता इमारतींच्या मध्ये अडकून थोडी उरली आहे. घरात आगरी बोलतात. लहानपणी मी 'मना नाय' म्हटलं की शाळेतल्या बाई 'मला नाही, म्हण' असं सांगायच्या. म्हणजे पुस्तकातली मराठीही मी शिकूनच घेतलेली. इंग्रजी त्याच्याही पलीकडची.

दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही मराठी माध्यमाची मुलं सरांकडे गेलो. बोलायचं मी, असं ठरलं होतं.

"सर, परीक्षा मराठीत लिहिता येते. मग शिकवणं मराठीत का नाही?"

सर म्हणाले, "पुस्तकं इंग्रजीत आहेत. उद्या पुढे जायचं असेल तर इंग्रजी लागेलच. मी तुमच्या भल्यासाठीच करतोय."

"पुढे जायच्या आधी कळायला तर पाहिजे, सर."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "ठीक आहे. सुट्टीनंतर मराठीत घेतो."

आमच्या वर्गात एक सिंधी बाई होत्या. पस्तिशीच्या, दोन मुलं शाळेत जाणारी, सासरचं उल्हासनगरच्या कॅम्पात, फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या वस्तीत, कापडाचं दुकान. मुलं मोठी झाल्यावर त्यांनी पुन्हा शिकायला घेतलं होतं. सगळे त्यांना भाभी म्हणायचे. एकदा चुकून सरसुद्धा म्हणाले होते. भाभी सिंधी माध्यमात शिकायला लागल्या, मध्येच ती शाळा बंद झाली, मग हिंदीत शिकल्या. मराठी त्यांना दुकानापुरती यायची. इंग्रजी मात्र त्यांनी डिक्शनरी घेऊन, एकेका शब्दाखाली रेघ मारत, स्वतःच कमावली होती.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला सर खरंच मराठीत बोलले. सामाजिक स्तरीकरण, ऊर्ध्वगामी गतिशीलता, अभिजन, सापेक्ष वंचितता. सगळं शुद्ध आणि बरोबर. आम्ही वह्या भरून लिहून घेतलं. तास संपल्यावर भाभी जिन्यात माझ्याजवळ येऊन बसल्या.

"मेरा तो गया," त्या म्हणाल्या. "लेकिन तुमको तो समझा ना?"

मी वही उघडून पाहिली आणि म्हणाले, "नहीं."

त्या हसायला लागल्या. मलाही हसू आलं. मराठीत शिकवा म्हणून मीच पुढे होऊन सांगितलं होतं, आणि आली ती मराठी मला इंग्रजीइतकीच लांबची होती.

तिथून आमचं जिन्यात बसणं सुरू झालं. तास झाला की भाभी इंग्रजी पुस्तकातलं वाचून मला हिंदीत सांगायच्या. मला कळलं की मी ते मराठीत लिहायचे आणि त्यांना वाचून दाखवायचे. 'सापेक्ष वंचितता' मला तिथे कळली. भाभींनी सांगितलं की त्यांच्या आजेसासऱ्यांना फाळणीनंतर बॅरेकमध्ये जागा मिळाली तेव्हा कोणाकडेच काही नव्हतं, म्हणून कोणाला फारसं लागत नव्हतं. शेजारच्याने पुढे दुकान काढलं, तेव्हा घरातली भांडणं सुरू झाली. मी म्हटलं, हे तर आमच्याकडेही आहे.

जानेवारीत प्रत्येकाने वर्गापुढे एक विषय मांडायचा होता. मला सरांनी 'सापेक्ष वंचितता' हाच दिला. मी पुस्तकी मराठीत सुरुवात केली, दोन वाक्यं नीट गेली आणि तिसऱ्याला अडकले. पुढचा शब्दच आठवेना.

मागून भाभी म्हणाल्या, "जैसा सीढ़ी पे बोली थी, वैसा बोल ना."

सर म्हणाले, "हां, घरी आईला कसं सांगाल? तसंच सांगा."

मी सांगितलं. "आमचे बाजूवाल्यानी जमीन इकली, बंगला बांधला, गारी घेतली. आमी दोन टायम भात खातांव, उपाशी नाय. पन त्यांचा बंगला बगून वाटतंय, आपुन गरीब हाव."

पुढच्या बाकावर हसू फुटलं. तिथे बदलापूरच्याच कात्रपची एक मुलगी बसायची, इंग्रजी माध्यमातली, वर्गात पहिली. तीही हसली. मी खाली बघत राहिले. सर खडू घेऊन फळ्याकडे वळले आणि 'रिलेटिव्ह डेप्रिव्हेशन' लिहून त्याखाली माझं वाक्य लिहायला लागले. 'गारी'चं 'गाडी' केलं नाही, 'हाव'चं 'आहोत' केलं नाही. घरातलं बोलणं फळ्यावर लिहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बरं वाटलं म्हणावं तर लाजही वाटत होती, पुसून टाकावंसंही वाटत होतं. मग त्यांनी भाभींना सिंधीत सांगायला लावलं आणि तेही खाली लिहिलं. वर्गात कोणी हसलं नाही, कारण कोणाला ते कळलंच नाही.

तास संपताना सर म्हणाले, "इथे असं बोला. पण पेपरात पुस्तकातली मराठी लिहा. तो तपासणारा मी नसेन." हे मला तेव्हा कडू लागलं. पण ते खरं होतं.

काही दिवसांनी त्या कात्रपच्या मुलीने सरांकडे तक्रार केली, की असं चाललं तर अभ्यासक्रम संपणार नाही. तिला प्राध्यापक होण्यासाठी नेटची परीक्षा द्यायची होती. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. सरांनी मग तोडगा काढला. तास इंग्रजीत घ्यायचा आणि शेवटी ज्याने त्याने आपल्या भाषेत सांगायचं, कळलं काय ते. अर्धवट व्यवस्था होती. कधी वेळ उरायचा, कधी नाही. नंतर ती मुलगीही अधूनमधून जिन्यात येऊन बसायची. तिच्याकडून मी इंग्रजी संदर्भ घेत असे.

परीक्षा इंग्रजीत किंवा मराठीत लिहायची सोय होती. हिंदीची नव्हती, सिंधीचा प्रश्नच नव्हता. भाभी इंग्रजीच घेतील असं मी धरलं होतं. त्यांनी फॉर्मवर मराठी लिहिलं.

"भाभी, काना-मात्रा चुकेल," मी म्हटलं.

"चुकू दे," त्या मराठीत म्हणाल्या. "इंग्लिशमध्ये मी पाठ करते. मराठीत मी सांगते."

एका पेपरात त्या नापास झाल्या. माझे सगळे निघाले, जेमतेम. त्यांनी तो पेपर पुन्हा दिला आणि पास झाल्या. घरी सासूबाई विचारायच्या, हे कोणासाठी चाललंय. भाभी स्वयंपाक आटपून वाचायला बसायच्या.

आता मी अंबरनाथला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. भाभी कॅम्पातल्या घरी शिकवणी घेतात. शाळेत मराठी सक्तीची झाल्यापासून सिंधी घरांतली मुलं त्यांच्याकडे मराठी शिकायला येतात. आधी हिंदीत समजावतात, मग मराठीत बोलायला लावतात. मागच्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा एका मुलाची आई त्याला घ्यायला आली. तिने भाभींना विचारलं, "आप तो महाराष्ट्रियन लगते हो. शादी करके आए क्या इधर, सिंधी घर में?"

"नहीं," भाभी म्हणाल्या, "मैं यहीं की हूँ." आणि मुलाच्या वहीतलं एक मराठी वाक्य तिला वाचून दाखवलं.